भुईतला रातकिडा अर्थात मोल क्रिकेट: आहार आणि सवयींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाच्या तोंडावर कोकणातल्या अंगणात, तरव्याच्या (लावणीसाठी वाढवलेल्या भातरोपांच्या) वाफ्यात किंवा ओटीवरच्या दिव्याखाली एक तपकिरी, मखमली अंगाचा, पुढचे पाय फावड्यासारखे असलेला किडा दिसतो आणि त्याच्याविषयी दरवर्षी तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यांपैकी बहुतेक प्रश्न तो काय खातो या एका प्रश्नाशी येऊन थांबतात. आणि त्याचे उत्तर, पुढे दिसेल त्याप्रमाणे, जमिनीत पाणी किती आहे यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

हा नेमका कोणता किडा आहे आणि तो ओळखावा कसा?

नाकतोडे, टोळ आणि रातकिडे ज्या गणात येतात त्याच गणातील ग्रायलोटाल्पिडी या कुळातला हा किडा आहे. पूर्ण वाढलेला किडा साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटर लांब असतो. अंगावर बारीक, दाट लव असते, त्यामुळे ओल्या मातीतून वर आला तरी त्याच्या अंगाला चिखल फारसा चिकटत नाही. पुढचे दोन पाय आखूड, रुंद आणि दणकट असून त्यांच्या टोकाला खणण्यासाठी दाते असतात. आपल्याकडील ग्रायलोटाल्पा वंशातील किड्यांच्या नडगीवर असे चार दाते मोजता येतात. घरातल्या रातकिड्याप्रमाणे त्याला उंच उडी मारता येत नाही, कारण त्याचे मागचे पाय त्या मानाने कमजोर असतात. पुढचे पंख आखूड असतात आणि मागचे लांब पंख घडी घालून पाठीवर शेपटीसारखे ठेवलेले असतात, म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो उडू शकेल असे वाटत नाही.

जुन्या भारतीय कृषी पुस्तकांत त्याचे शास्त्रीय नाव ग्रायलोटाल्पा आफ्रिकाना असे दिलेले आढळते. पूर्वी आफ्रिकेपासून जपानपर्यंतच्या किड्यांना सरसकट हेच नाव लावले जाई. पुढे पूर्व आणि आग्नेय आशियातील किडे ग्रायलोटाल्पा ओरिएंटालिस या वेगळ्या जातीत धरले जाऊ लागले. शेतकऱ्याच्या दृष्टीने या जातींच्या सवयींत मोठा फरक नाही, त्यामुळे पुढील उत्तरांत त्यांचा विचार एकत्रच केला आहे.

कोकणात तो कुठे राहतो?

जिथे माती भुसभुशीत आणि ओली असते, तिथे तो राहतो. किनाऱ्याजवळची पुळणवट जमीन, नदीकाठची मळई, भातखाचरांचे बांध, पाटाच्या कडा, विहिरीजवळची आळी आणि शेणखत भरपूर घातलेले भाजीचे वाफे या त्याच्या हक्काच्या जागा आहेत. जांभ्याच्या कातळावर किंवा उन्हाळ्यात दगडासारख्या टणक होणाऱ्या वरकस जमिनीवर तो सहसा आढळत नाही, कारण तिथे त्याला बोगदा खणता येत नाही आणि खणला तरी ओल मिळत नाही.

त्याची बिळे दोन प्रकारची असतात. अन्न शोधण्याचे बोगदे जमिनीच्या अगदी वरच्या थरात, दोन-तीन सेंटिमीटर खोलीवर, आडवे जातात आणि ओल्या वाळूवर बोटाच्या जाडीची उंचवट्याची रेघ उमटवतात. राहण्याचे बीळ मात्र उभे खाली जाते. माती कोरडी पडली की तो ओलाव्याच्या मागे आणखी खोल उतरतो आणि सैल जमिनीत अर्धा मीटर किंवा त्याहून खाली पोहोचतो. दिवाळीनंतर पुळणवट जमिनी सुकू लागल्या की तो दिसेनासा होतो, तो याच कारणाने. ज्या वाडीत पाटाचे पाणी चालू असते किंवा वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) लावणी होते, तिथे मात्र तो हिवाळ्यातही वरच्या थरात टिकून राहतो.

तो मुळे खातो की दुसरे किडे खातो?

दोन्ही खातो, आणि याच कारणामुळे त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. ज्याच्या तरव्याला खंड पडलेले असतात तो त्याला निव्वळ रोपांचा वैरी मानतो. ज्याने त्याला उकिरड्याजवळ अळी ओढून नेताना पाहिलेले असते तो त्याला हुमणी (मुळे खाणारी पांढरी अळी) खाणारा मित्र म्हणतो. प्रत्यक्षात हा किडा मिश्राहारी आहे.

त्याच्या आहारातील वनस्पतिजन्य भागात गवताची आणि भाताची कोवळी मुळे, नुकतेच रुजलेले बी, रोपाचा जमिनीलगतचा मऊ भाग, कंद आणि जमिनीत वाढणाऱ्या शेंगा यांचा समावेश होतो. प्राणिजन्य भागात गांडुळे, भुंगेऱ्यांच्या अळ्या, वाळवी, मुंग्यांची अंडी आणि जमिनीत राहणाऱ्या इतर किड्यांचे कोष येतात. याखेरीज कुजलेला पालापाचोळाही तो खातो. भूक आणि गर्दी वाढली तर तो आपल्याच जातीच्या लहान किड्यांनाही सोडत नाही; प्रयोगशाळेत हे किडे वाढवणाऱ्यांना म्हणूनच प्रत्येकाला वेगळ्या भांड्यात ठेवावे लागते.

सगळ्या जातींचे पोट सारखे नसते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. दक्षिण अमेरिकेतून अमेरिकेच्या आग्नेय भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास जहाजांबरोबर पोहोचलेल्या जातींचा तेथे बारकाईने अभ्यास झाला, आणि त्यांच्या पोटातील अन्न तपासले असता असे दिसले की त्यांतील एक जात प्रामुख्याने गवत आणि मुळांवर जगते, तर तिच्याच शेजारी राहणारी दुसरी जात मुख्यतः गांडुळे आणि किडे खाते. या दुसऱ्या जातीने केलेले नुकसान खाण्यापेक्षा खणण्याचे अधिक असते. म्हणून परदेशातील माहिती वाचून आपल्या शेतातील किड्याविषयी ठाम निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. आपल्याकडील ग्रायलोटाल्पा वंशातील किडे या दोन टोकांच्या मधले आहेत. समोर जे सहज मिळेल ते ते खातात.

आणि समोर काय मिळेल हे ओल ठरवते. जमीन ओली पण पाणी न तुंबलेली असेल, तर गांडुळेही वर असतात, बीही रुजलेले असते आणि किडाही वरच्या थरात हिंडत असतो. अशा वेळी त्याच्या वाटेत तरवा आला की तरवा खाल्ला जातो. पाणी साचले की तो बांधात सरकतो आणि तिथल्या गवताच्या मुळांवर व अळ्यांवर भागवतो. जमीन सुकली की खाली उतरून तो फारसे खातच नाही.

तो अन्न कापतो आणि चावतो कसा?

पुढच्या पायांचे दाते एकमेकांवरून कात्रीच्या पात्यांप्रमाणे सरकतात आणि बोगद्याच्या वाटेत आलेले बारीक मूळ कापले जाते. चावण्याचे काम मात्र जबड्यांचे. गिळलेले अन्न आधी अन्नपिशवीत साठते आणि तिच्यामागे असलेल्या दातेरी पेषणीत दळले जाते, त्यामुळे धागेदार मूळ आणि किड्याचे कठीण कवच हे दोन्ही त्याला पचवता येते. रात्री तो बिळाच्या तोंडाशी येतो, कोवळे रोप बुडाशी धरतो आणि ओढून आत नेतो. सकाळी वाफ्यात रोपाच्या जागी नुसते छिद्र दिसते, ते यामुळे.

तरव्याचे नुकसान केवळ खाण्यामुळे होते का?

नाही, आणि हा मुद्दा अनेकदा निसटतो. एखादा किडा रात्रभरात प्रत्यक्ष किती खाईल याला मर्यादा आहे. परंतु अन्न शोधत तो कित्येक मीटर लांबीचा बोगदा खणू शकतो. तो बोगदा ज्या रोपांच्या खालून जातो त्यांची मुळे मातीपासून सुटतात, मुळांभोवती हवा शिरते आणि उन्हाची तिरीप पडली की न खाल्लेली रोपेसुद्धा माना टाकतात. पुळणवट जमिनीत हे विशेष जाणवते, कारण वाळू मुळाला पुन्हा सहज बिलगत नाही. अशी रोपे वेळीच दाबून पाणी दिल्यास त्यांतील बरीच वाचतात. कापलेले रोप मात्र वाचत नाही.

नुकसानीचा काळही मर्यादित असतो. रोहिणी नक्षत्रात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी केली किंवा मृगाच्या पावसावर बी टाकले, तर रोप लावणीयोग्य होईपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. या तीन आठवड्यांत रोप कोवळे असते, जमीन ओली असते आणि पाणी साचवलेले नसते. किड्याला हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी इथे एकत्र येतात. लावणी होऊन खाचरात पाणी उभे राहिले की धोका बव्हंशी संपतो, आणि फुटवे फुटलेले भाताचे चूड (रोपांचा झुबका) थोडीफार मुळे गेली तरी ती भरून काढते.

राब भाजल्यामुळे हे किडे मरतात का?

राब भाजणे म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळणे. त्यात वरच्या थरात असलेले किडे आणि अळ्या भाजून निघतात, परंतु राबाची धग काही बोटांच्या खाली पोहोचत नाही आणि उन्हाळ्याच्या अखेरीस हा किडा त्याहून बराच खाली असतो. राबाचा मुख्य उपयोग तणाचे बी मारण्यासाठी होतो; या किड्याचा बंदोबस्त म्हणून राब भाजण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, राबाऐवजी गादीवाफ्यावर रोप तयार करण्याकडे आता जो योग्य कल आहे, त्यात एक बाब ध्यानात ठेवावी. गादीवाफा उंच, मऊ, खतावलेला आणि निचऱ्याचा असतो. तो रोपाला जितका मानवतो तितकाच या किड्यालाही मानवतो.

हे नुकसान मुठ्यांचे, उंदरांचे की हुमणीचे, हे कसे ओळखावे?

कोकणात तरवा कापणाऱ्यांची कमतरता नाही. मुठे म्हणजे खाचरातील काळसर खेकडे रोप पाण्याच्या पातळीलगत कापतात, कापलेली पाती बिळाच्या तोंडाशी पडलेली दिसतात आणि बिळाबाहेर चिखलाच्या गोळ्यांचा ढीग असतो. उंदीर आणि घुशी यांचे बीळ मुठीएवढे असते व ते सहसा उभ्या पिकात, लोंबी धरताना जास्त त्रास देतात. हुमणीने मुळे खाल्लेले रोप पिवळे पडते, हलक्या हाताने उपटले जाते, पण जमिनीवर बोगद्याची रेघ नसते; खणल्यास इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडते.

भुईतल्या रातकिड्याची खूण म्हणजे जमिनीवर उठलेली, वेडीवाकडी जाणारी, बोटाच्या जाडीची भेगाळ रेघ. ती पहाटे, पाऊस पडण्याआधी पाहावी, कारण एक जोराची सर आली की रेघ पुसली जाते. शंका राहिल्यास एका बादली पाण्यात भांडी घासण्याचा पातळ साबण दोन चमचे मिसळून दोन फूट लांब व दोन फूट रुंद जागेवर ओतावे. जमिनीत हे किडे असतील तर दोन-तीन मिनिटांत ते वर येतात. ही चाचणी वाफ्याच्या कडेला करावी, रोपांवर नव्हे.

दिवसा तो दिसत का नाही?

तो निशाचर आहे. दिवसा तो बिळाच्या खोल भागात राहतो आणि अंधार पडल्यावर वर येतो. उबदार, ओल्या आणि वारा पडलेल्या रात्री तो सर्वांत अधिक हालचाल करतो. सलग मुसळधार पावसात मात्र बोगदे पाण्याने भरतात आणि त्याची हालचाल मंदावते. पाऊस उघडलेली पहिली रात्र ही त्याच्या भ्रमंतीची रात्र समजावी.

संध्याकाळी जमिनीतून येणारा सलग घरघर आवाज त्याचाच असतो का?

आवाज थांबून थांबून न येता एकसारखा आणि जमिनीच्या पोटातून आल्यासारखा येत असेल, तर तो बहुधा याच किड्याच्या नराचा असतो. पुढचे पंख एकमेकांवर घासून तो आवाज काढतो. सूर्यास्तानंतर लवकरच सुरू होणाऱ्या या गाण्यासाठी तो खास बीळ खणतो, आणि हे बीळ ही या किड्याची सर्वांत विलक्षण गोष्ट आहे असे मला वाटते.

फ्रान्समध्ये आढळणाऱ्या याच वंशातील एका जातीचा अभ्यास बेनेट-क्लार्क या शास्त्रज्ञाने 1970 मध्ये प्रसिद्ध केला. नर जमिनीच्या पृष्ठभागाशी कर्ण्याच्या आकाराची दोन तोंडे खणतो, ती आत एका अरुंद गळ्यात मिळतात आणि गळ्यामागे एक गोलसर पोकळी असते. नर गळ्यापाशी डोके आत करून बसतो आणि गातो. कर्णा अशा बेताने रुंदावत जातो की किड्याच्या स्नायूंनी खर्चिलेल्या शक्तीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग आवाजात उतरतो, आणि शांत रात्री तो आवाज माणसाला सुमारे 600 मीटरवरूनही ऐकू येतो. तीन-साडेतीन सेंटिमीटरच्या प्राण्यासाठी हे अंतर थक्क करणारे आहे. सर्व जाती इतक्या मोठ्याने गात नाहीत, पण बिळाचा कर्णा करण्याची युक्ती अनेकांत आढळते.

येथेही ओल आडवी येते. अमेरिकेतील अभ्यासात असे दिसले की ओल्या जमिनीत गाणाऱ्या नराचा आवाज मोठा निघतो आणि मोठ्या आवाजाकडे माद्या अधिक संख्येने उडत येतात. ओल्या जागेकडे आलेल्या मादीला अंडी घालण्यासाठी आणि पिल्लांच्या अन्नासाठीही योग्य जमीन आपसूक मिळते. किड्याचे कान त्याच्या पुढच्या पायांवर, नडगीच्या वरच्या भागात असतात. या वंशातील माद्याही क्षीण आवाज काढू शकतात, परंतु लांबवर ऐकू येणारे गाणे नराचेच असते.

तो दिव्यावर का येतो?

पहिल्या पावसानंतरच्या उबदार रात्री प्रौढ किडे नव्या जागेच्या आणि जोडीदाराच्या शोधात उडतात, आणि त्या वाटेत दिवा असला की इतर निशाचर किड्यांप्रमाणे भरकटून त्याभोवती पडतात. त्याचे उड्डाण जड आणि संथ असते. जमिनीवर पडल्यावर तो उडण्यापेक्षा मातीत शिरण्याचा प्रयत्न करतो. तरव्याच्या लगत रात्रभर प्रखर दिवा ठेवू नये, हे यातून ओघाने येते. घरात शिरलेला किडा अन्नधान्याला किंवा कपड्यांना उपद्रव देत नाही. त्याला बाहेर मातीवर सोडून द्यावे.

खाचरात पाणी भरल्यावर तो बुडून मरतो का?

सहजासहजी मरत नाही. अंगावरील लव पाणी दूर ठेवते, त्यामुळे तो तरंगतो आणि पाय मारत बऱ्यापैकी पोहतो. चिखलणीच्या वेळी औताच्या मागे पाण्यावर जे तपकिरी किडे बांधाकडे पोहत जाताना दिसतात, त्यांत हे असतात. तरीही साचलेले पाणी त्याच्यासाठी प्रतिकूलच आहे: बोगदे कोसळतात, अंडी असलेल्या खोल्या पाण्याखाली जातात, पिल्ले मरतात आणि बाहेर पडलेले प्रौढ पक्ष्यांच्या तोंडी जातात. म्हणून पाण्याखालच्या खाचरात तो राहत नाही, बांधात राहतो. आणि बांध पोखरला गेला की खाचरातील पाणी झिरपण्याचा दुसराच प्रश्न उभा राहतो.

तो अंडी कुठे घालतो आणि पिल्ले काय खातात?

मादी जमिनीखाली एक लहान गोलसर खोली तयार करते, तिच्या भिंती दाबून गुळगुळीत करते आणि तिथे अंड्यांचा पुंजका घालते. एका पुंजक्यात काही डझन अंडी असतात. युरोपातील मोठ्या जातीत ती शंभराहून अधिक असू शकतात. ग्रायलोटाल्पा वंशातील मादी अंड्यांजवळ थांबून त्यांची राखण करते, तर दक्षिण अमेरिकी जातींतील मादी खोली बंद करून निघून जाते. कीटकांमध्ये आईची अशी निगराणी विरळ आहे, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम केला.

हवामानानुसार दोन ते पाच आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात. ती दिसायला प्रौढासारखीच, पण लहान आणि पंखहीन असतात. आरंभी ती खोलीतच राहून कुजलेले सेंद्रिय पदार्थ आणि बारीक मुळे खातात, नंतर विखुरतात आणि स्वतःचे बोगदे खणू लागतात. अनेकदा कात टाकत त्यांना प्रौढ होण्यास काही महिने लागतात. उष्ण प्रदेशात सर्वसाधारणपणे वर्षाला एक पिढी पूर्ण होते. पावसाळ्यात निघालेली पिल्ले थंडीत जमिनीत वाढत राहतात आणि पुढच्या मृगाला तरव्याच्या वाफ्यात येतात ती वाढलेली.

तो चावतो का? विषारी आहे का?

विषारी नाही, आणि माणसाला तो मुद्दाम चावत नाही. मुठीत धरल्यास खणण्याच्या पायांनी बोटे इतक्या जोराने बाजूला सारतो की दचकायला होते, व दात्यांनी किंचित ओरखडा उठू शकतो. फार छेडल्यास शरीराच्या मागच्या टोकातून तपकिरी, चिकट, दुर्गंधी द्रव सोडतो. तो धुतल्यावर जातो.

त्याला कोण खाते?

यादी लांब आहे. चिखलणीच्या वेळी गाय बगळे आणि साळुंक्या औताच्या मागून चालतात, त्यांच्या वाट्याला हे किडे मोठ्या प्रमाणावर येतात. हुदहुद आपली लांब चोच भुसभुशीत जमिनीत खुपसून त्यांना बाहेर काढतो; हा किडा हुदहुदाचे आवडते खाद्य असल्याचे युरोपातील निरीक्षणांतून चांगलेच माहीत आहे. रात्री बिळाबाहेर आलेले किडे पिंगळा, भेक आणि बेडूक टिपतात. मुंगूसही जमीन उकरून ते खाते, आणि मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांविषयी तर सांगायलाच नको.

परंतु त्याचा खरा जाणता शत्रू म्हणजे लारा वंशातील गांधीलमाशी. ती बिळात शिरते, किड्याला बाहेर हुसकावते, पायांच्या मधल्या मऊ भागात डंख मारून त्याला काही मिनिटे लुळा करते आणि त्याच्या पोटाकडील बाजूस एक अंडे चिकटवते. थोड्या वेळाने किडा सावरतो, पुन्हा मातीत शिरतो आणि पूर्ववत खाऊ लागतो. त्याच्या अंगावर बाहेरून वाढणारी अळी मात्र त्याचा रस शोषत राहते आणि शेवटी त्याला मारून मातीत कोष करते. ही गांधीलमाशी स्वतः फुलांतील मधावर जगते. बांधावरील फुलणारे तण पूर्ण साफ केले, तर तिचे अन्न जाते, ही गोष्ट स्वच्छ बांधाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

अमेरिकेतील फ्लोरिडात परक्या जाती कुरणे व हिरवळी उद्ध्वस्त करू लागल्यावर तेथील संशोधकांनी दक्षिण अमेरिकेतून त्यांचे मूळ शत्रू आणले: लारा गांधीलमाशी, नराच्या गाण्याचा माग काढत त्याच्यावर अळ्या सोडणारी एक माशी, आणि उरुग्वेतून आणलेला एक सूत्रकृमी (धाग्यासारखा सूक्ष्म कृमी), जो 1985 मध्ये प्रथम सोडण्यात आला. त्यानंतर तेथील किड्यांची संख्या पुष्कळ घटली. आपल्याकडे हा किडा परका नाही आणि त्याचे शत्रूही येथेच आहेत. त्यांना टिकवणे एवढेच आपले काम.

पुळणीवर दिसणारे इवलेसे, उड्या मारणारे काळे किडे त्याची पिल्ले असतात का?

बहुधा नसतात. नदीच्या आणि खाडीच्या ओल्या वाळूवर एक सेंटिमीटरपेक्षाही लहान, झटकन उडी मारणारे जे किडे दिसतात ते बुटके मोल क्रिकेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्या कुळातील असतात. नाव जवळचे असले तरी त्यांचे नाते रातकिड्यांपेक्षा टोळांशी अधिक आहे. ते वाळूवरील शेवाळ खातात, पाण्याच्या पृष्ठभागावरूनही उडी घेऊ शकतात आणि पिकाला काहीही उपद्रव देत नाहीत.

भाजीपाला, कलिंगड, नारळ आणि सुपारी यांना धोका असतो का?

नारळाच्या आणि सुपारीच्या वाढलेल्या झाडांना नाही. नारळाचा कोंब पोखरलेला दिसल्यास तो गेंड्या भुंग्याचा उद्योग असतो. भाताच्या कापणीनंतर घेतलेल्या कलिंगडाची आणि मिरची-वांग्याची कोवळी रोपे, मुळा, माठ, भुईमुगाच्या शेंगा आणि अलिबागकडील पांढऱ्या कांद्याचे नवे लावण यांना तो उपद्रव देऊ शकतो, कारण या पिकांना दिलेले पाणी आजूबाजूच्या सुकलेल्या रानात ओलीचा एकमेव तुकडा निर्माण करते. रोपे ट्रेमध्ये वाढवून थोडी जून झाल्यावर लावल्यास नुकसान पुष्कळ कमी होते.

बंदोबस्त कसा करावा?

सर्वांत प्रभावी उपाय पाण्याचा आहे. तरव्याच्या वाफ्यांमधील चर पाण्याने भरलेले ठेवावेत, म्हणजे बांधातून वाफ्यात येण्याची वाट अडते. शक्य तिथे संध्याकाळी वाफ्यावर काही तास पाणी उभे करून वर आलेले किडे गोळा करावेत. हे काम मुले आनंदाने करतात. मुख्य खाचराची चिखलणी नीट करून जमीन समपातळीत ठेवावी, कारण पाण्याबाहेर राहिलेला प्रत्येक उंचवटा त्याला आसरा देतो. बांधाची कड तासून त्यावर ओल्या चिखलाचा थर लिंपण्याची जी रीत कोकणात पूर्वापार आहे, ती बांधातील अंड्यांच्या खोल्या मोडते आणि बिळांची तोंडे बुजवते. ती सोडू नये. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे.

विषारी आमिषाचा उपाय उरतो तो शेवटी. भाताचा कोंडा ओला करून त्यात कीटकनाशक मिसळून बांधाच्या कडेने संध्याकाळी ठेवण्याची पद्धत भात पिकवणाऱ्या अनेक देशांत आहे. परंतु तेच आमिष कोंबड्या, साळुंक्या आणि खाचरातील मासेही खातात, म्हणून कोणते औषध भातासाठी मान्य आहे आणि किती प्रमाणात, हे गावच्या कृषी सहायकाकडून किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून विचारून घेतल्याशिवाय ते करू नये. वाफ्यात तुरळक रेघा दिसत असतील, तर माझ्या मते औषधाची गरज नाही. थोडे बी जास्त टाकून पडलेले खंड भरून काढणे स्वस्त पडते. सकाळी वाफ्याचा मोठा भाग उकरलेला दिसू लागला आणि सलग दोन-तीन दिवस तेच दिसले, तरच पुढचे पाऊल उचलावे.

हा किडा माणसे खातात हे खरे आहे का?

होय. ईशान्य भारतातील काही भागांत, थायलंडमध्ये आणि फिलिपिन्समधील पाम्पांगा प्रांतात तो खाल्ला जातो. पाम्पांगात पाय आणि पंख काढून शिजवलेला व परतलेला किडा कामारू या नावाने मिळतो. कोकणात तो खाण्याची रीत नाही. मात्र औषध मारलेल्या शेतातून गोळा केलेले किडे कोंबड्यांनाही घालू नयेत.